चित्रं काढायची रबरी पाटी: बोटांना पटली, पण खोडता येत नाही

मातीकाम, विणकाम मला आधीपासून जमतं. चित्रकला हा मात्र जन्मांध बाईचा प्रांत नाही, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ही पाटी घेतली ती निम्मी हौसेपोटी, निम्मी हट्टापायी.

वस्तू साधी आहे. फळीवर मऊ रबर, त्यावर पातळ प्लॅस्टिकची फिल्म आणि ती धरून ठेवायला चिमटा. बॉलपेन जरा दाबून फिरवलं की फिल्म किंचित चुरगळते आणि रेष वर उठते, तीही आपल्याच बाजूला. ब्रेल पाटीवर ठिपके कागदाच्या मागे उठतात, म्हणून उजवीकडून डावीकडे लिहावं लागतं. इथे ती भानगड नाही. उजवा हात पेन चालवतो, डाव्या हाताची तर्जनी मागोमाग रेष वाचत येते. वर्तुळ कुठे बिघडलं ते जागच्या जागी कळतं. "नीट आलंय का गं?" असं कोणाला विचारत बसावं लागत नाही. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

पहिलं चित्र स्टुलाचं. मधे चौकोन, चार कोपऱ्यांतून बाहेर पसरलेले चार पाय. भाचा म्हणाला, "मावशी, असे चारही पाय एकदम दिसत नाहीत." नसतील दिसत, हाताला लागतात ना! टोरोंटोचे मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी अंध लोकांकडून अशीच उठावाच्या रेषांची चित्रं काढून घेऊन त्यांचा अभ्यास केलाय. तुर्कस्तानचे जन्मांध चित्रकार एशरेफ आर्मान (जन्म १९५३) तर दूरची वस्तू लहान काढण्यापर्यंत पोचलेत. मला सध्या माझं स्टूल पुरे.

आता तक्रारी. एकदा उठलेली रेष बसत नाही, चुकलं की फिल्म बाद. दोन रेषा फार जवळ आल्या की बोटाला एकच लागतात, त्यामुळे चित्र ऐसपैस काढावं लागतं. चिमटा ढिला आहे. मी खालच्या कडेला चिकटपट्टी लावते. आणि अंधांसाठीच्या वस्तूची माहितीपत्रिका फक्त छापील! वाचून दाखवायला भाच्यालाच धरावं लागलं.

घेणार असाल तर जादा फिल्म सोबतच मागवा, भराभर संपतात. शाई संपलेलं पेनही चालतं, हात बरबटत नाहीत. फक्त मग घरातल्या डोळस मंडळींना चित्र धड दिसत नाही, त्यांनाही चाचपावं लागतं.