बाल्डर्स गेट, आइसविंड डेल की प्लेनस्केप : आधी कोणता खेळावा?

डिसेंबर १९९८ मध्ये बायोवेअरचा ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकावरचा रोल-प्लेइंग खेळ आला, डिसेंबर १९९९ मध्ये ब्लॅक आइलचा ‘प्लेनस्केप : टॉरमेंट’ आणि जून २००० मध्ये ब्लॅक आइलचाच ‘आइसविंड डेल’. दीड वर्षात तीन खेळ. तिन्हींचं इंजिन (खेळ चालवणारं सॉफ्टवेअर) एकच, इन्फिनिटी. नियम तिन्हींना डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर खेळायच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीचे. स्क्रीनशॉट शेजारी ठेवले तर नवख्याला फरक कळणार नाही. त्यामुळे चित्रं बघून निवड करण्यात अर्थ नाही.

निवड करायची ती एका प्रश्नावर: पात्र घडवताना तुमच्या हातून जी चूक होणारच आहे, ती कधी कळलेली परवडेल? बाल्डर्स गेटमध्ये ती पहिल्या तासाभरात कळते, कारण तुम्ही मरता. आइसविंड डेलमध्ये बराच खेळ झाल्यावर कळते, तेव्हा सहा जणांची फौज बदलणं जिवावर येतं. प्लेनस्केपमध्ये ती कळतच नाही. खेळ शेवटपर्यंत चालतो, फक्त त्यातला निम्मा मजकूर तुमच्यासमोर येत नाही.

आधी आकडे, कारण दोन खेळांना ते सारखेच लागू

या नियमांत आर्मर क्लास, म्हणजे घावापासून बचावाचा आकडा, जितका कमी तितका चांगला. १० म्हणजे उघडा माणूस, ० म्हणजे भक्कम, उणे २ म्हणजे फारच भक्कम. थॅको, म्हणजे घाव बसवण्याच्या कौशल्याचा आकडा, हाही कमी असलेला बरा. हिशेब सोपा आहे: स्वतःच्या थॅकोतून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करा, येईल तो आकडा वीस बाजूंच्या फाशावर पडायला हवा. थॅको १९ आणि समोर आर्मर क्लास ४ असेल तर १५ किंवा जास्त. समोर उणे २ असेल तर २१ हवेत, म्हणजे थेट २० पडले तरच घाव बसणार.

दुसरी गंमत मधल्या आकड्यांची. ताकद ९ असो की १५, मारामारीत फरक शून्य. १६ ला नुकसानीत एक वाढतो, १७ ला नेमही एकाने सुधारतो. चपळाईचा आर्मर क्लासला फायदा १५ पासून सुरू होतो आणि १८ ला चारपर्यंत जातो. तब्येतीचं तसंच: १५ ला दर लेव्हलला एक जादा हिट पॉइंट (जीव), १६ ला दोन. त्यापुढचे तीन आणि चार फक्त फायटर, रेंजर, पॅलडिन या लढवय्या वर्गांना. मेज (जादूगार) किंवा थीफला (चोर) तब्येत १८ देणं म्हणजे दोन गुण पाण्यात. सगळीकडे बारा-तेरा ठेवून ‘समतोल’ पात्र बनवण्याची हौस असेल तर ती इथे सोडा. हवं तिथे १८, नको तिथे ८-९, अशीच विभागणी या नियमांना मानवते.

१८ ताकदीच्या फायटरला पुढे तिरकी रेघ देऊन आणखी एक टक्केवारी मिळते, १८/०१ पासून १८/०० पर्यंत. यातला ०० म्हणजे शंभर, सर्वात वरचा. शून्य दिसलं म्हणून पुन्हा फासे टाकणारे बरेच असतात.

प्लेनस्केपला यातला थॅको-आर्मर क्लासचा हिशेब आहे, पण तिथे त्यावाचून फारसं अडत नाही.

बाल्डर्स गेट: पहिल्या लेव्हलचं मरण

इथे पात्र एकच बनवायचं, बाकीचे साथीदार वाटेत भेटतात. एकूण सहा जण. मुख्य पात्र मेलं की खेळ संपला, मग बाकी पाच जण ठणठणीत का असेनात. पहिल्या लेव्हलच्या मेजला जास्तीत जास्त चार हिट पॉइंट, तब्येत १६ असेल तर सहा. एका बाणाचं नुकसान एक ते सहा. म्हणजे एक बाण आणि थोडं दुर्दैव, एवढंच पुरतं. पहिल्यांदा खेळताना मुख्य पात्र फायटर करा. मेज बनण्याची खाज असेल तर अर्ध-एल्फ फायटर/मेज करा.

नवशिक्यांचा पहिला कर्दनकाळ म्हणजे फ्रेंडली आर्म इन या खानावळीच्या पायऱ्यांवर थांबलेला जादूगार टार्नेश. तो आधी स्वतःची प्रतिबिंबं तयार करतो आणि मग तुमच्या लोकांना घाबरवून पळवतो. उपाय: तलवारी म्यान, सगळ्यांच्या हातात धनुष्य किंवा गोफण, सोबतीण इमोएनकडे सुरुवातीपासून असलेली मॅजिक मिसाइलची कांडी तयार. मंत्र म्हणत असताना घाव बसला की मंत्र मोडतो, हा नियम सगळ्या जादूगारांना लागू आहे आणि तुमच्या मेजलाही.

पहिल्या दोन-तीन लेव्हलना दोन गोष्टी इतर सगळ्यांवर भारी पडतात. एक, धनुष्य. लाँगबोची एका राउंडला दोन वेळा मारण्याची सोय तलवारवाल्याला या टप्प्यावर नसते. दोन, स्लीप हा पहिल्या पातळीचा मंत्र. गिबरलिंग, कोबोल्ड, हॉबगॉब्लिन यांचा घोळका एका फटक्यात आडवा, आणि झोपलेल्यावर घाव चुकत नाही. सहा जणांत स्लीप येणारा एक मेज आणि धनुष्यवाले तीन असले की नॅश्केल गावच्या खाणीपर्यंत अडचण नाही. खाणीत मात्र आग लावणारे बाण सोडणारे कोबोल्ड कमांडो आहेत, तिथे मेजला मागे ठेवा.

लोखंडाचा तुटवडा हा कथेचाच भाग असल्यामुळे साधी लोखंडी शस्त्रं लढता लढता तुटतात. हा बग नाही. एक जादा तलवार जवळ ठेवा, जादूचं शस्त्र मिळालं की ही कटकट संपते. नॅश्केलच्या खाणीबाहेर ग्रेवुल्फ या सुपारीबाजाकडून मिळणारी व्हार्स्कोना ही लाँगसोर्ड बराच काळ पुरते. त्यामुळे फायटरचं कौशल्य लाँगसोर्डमध्ये घातलं तर वाया जात नाही.

साथीदारांच्या जोड्या असतात. खालिद आणि जाहेरा नवरा-बायको, एकाला काढलं की दुसरा जातो. मोंटारॉन-झार यांचंही तेच. मिन्स्कला घेतलंत तर नॉल लोकांच्या गढीतून डायनाहीरला सोडवायला वेळेत जा, फार रेंगाळलात तर तो तुमच्यावरच उलटतो. गावात सगळ्यांशी गोड वागून प्रतिष्ठा खूप वाढवलीत तर दुकानं स्वस्त होतात, पण दुष्ट साथीदार कुरकुर करून निघून जातात. दोन्ही हवं असेल तर मिळणार नाही.

जादूचा एक विचित्रपणा: लाइटनिंग बोल्ट भिंतीवर आपटून परत येतो. मोकळ्या मैदानात उत्तम, तळघरात आत्महत्या. फायरबॉललाही आपला-परका कळत नाही.

अनुभव गुणांना मर्यादा आहे. मूळ खेळात ८९,०००, ‘टेल्स ऑफ द सोर्ड कोस्ट’ हा जोडभाग घातल्यावर १,६१,०००. मारलेल्या राक्षसाचे गुण हजर असलेल्यांत वाटले जातात, त्यामुळे चार जणांची पार्टी लवकर वाढते, पण त्याच मर्यादेला लवकर टेकते. लवकर वाढायचा एक जुना मार्ग बॅसिलिस्क या राक्षसाचा आहे. मोठ्याचे ७,०००, लहानाचे १,४००. त्याच्या नजरेनं माणूस दगड होतो, म्हणून पहिल्या पातळीचा प्रोटेक्शन फ्रॉम पेट्रिफिकेशन हा मंत्र एकावर टाकायचा, त्यानं एकट्यानं जाऊन लढायचं, बाकीच्यांनी नकाशाच्या कडेला थांबायचं. मंत्राची मुदत संपत आली की मागे फिरा. बहुतेक जण इथेच लोभानं दगड होतात.

आइसविंड डेल: सहाही तुमचे, दोषही तुमचा

इथे कोणी साथीदार भेटत नाही. ईस्टहेव्हनच्या खानावळीत खेळ सुरू होण्याआधी सहाही जण तुम्ही घडवायचे. मुख्य पात्र असं कोणी नाही, एक जण जगला तरी खेळ चालू राहतो. पहिल्या लेव्हलचं मरण म्हणून इथे कमी बोचतं.

बोचतं ते पुढे. बाल्डर्स गेटमधून आलेला माणूस सवयीनं तीन धनुर्धारी आणि स्लीपवाला मेज घेऊन येतो. कुल्डाहार गावानंतरचा पहिला मोठा भाग म्हणजे व्हेल ऑफ शॅडोज, आणि तिथे सांगाडेच सांगाडे. सांगाड्यांच्या बरगड्यांतून बाण निघून जातात, तलवारीचा घाव अर्धामुर्धा लागतो आणि मृतांना झोप येत नाही. इथे हवी गदा, हातोडा, फ्लेल, म्हणजे बोथट शस्त्रं. म्हणून पार्टी बनवतानाच पुढच्या दोघांपैकी एकाचं कौशल्य बोथट शस्त्रात घाला आणि क्लेरिक (पुजारी) एक तरी ठेवाच. तो नियमानंच बोथट शस्त्र वापरतो आणि मृतांना पळवूनही लावतो.

आमच्या मते चालणारी जुळणी: पुढे फायटर आणि पॅलडिन, मधे क्लेरिक आणि फायटर/थीफ, मागे मेज आणि बार्ड (गवई). थीफ गाळण्याचा मोह होतो, गाळू नका. सापळ्यांची या खेळात रेलचेल आहे. बार्ड मात्र बाल्डर्स गेटमध्ये शोभेचा असतो, इथे नाही. ‘हार्ट ऑफ विंटर’ हा जोडभाग घातल्यावर त्याला निरनिराळी गाणी मिळतात आणि अकराव्या लेव्हलचं वॉर चँट ऑफ सिथ चालू असेपर्यंत पार्टीच्या जखमा लढाईतच भरत राहतात. तो गात असताना दुसरं काही करू शकत नाही, एवढीच किंमत.

एखादा सदस्य पुढे निरुपयोगी ठरला तर त्याला काढून नवा बनवता येतो, पण तो पहिल्या लेव्हलचा येतो. बाकी सगळे आठव्या लेव्हलवर असताना त्याला जगवणं हाच एक वेगळा खेळ होऊन बसतो.

‘ट्रायल्स ऑफ द लुअरमास्टर’ या जोडभागात लोनलीवूडमधला होबार्ट तुम्हाला पाठवतो. तिथून काम पूर्ण होईपर्यंत परतीची वाट नाही. जाण्याआधी वेगळ्या नावानं सेव्ह करा, त्याच सेव्हवर नंतर काही लिहू नका.

कथा आहे, पण ती एका लढाईतून दुसऱ्या लढाईत नेण्यापुरती. गप्पा मारणारे साथीदार हवे असतील तर हा खेळ कोरडा वाटेल.

प्लेनस्केप : टॉरमेंट: वाचणाऱ्यांसाठी

नायक शवागारात जागा होतो. त्याला नाव नाही, स्मृती नाही आणि मरण नाही. लढाईत पडलात तर बहुतेक वेळा पुन्हा उठता. मरणाची भीती अशी काढून घेतल्यावर उरतं ते संभाषण, आणि त्याची किल्ली आकड्यांत आहे.

सुरुवातीला सहाही गुण ९ वर असतात आणि वाटायला २१ मिळतात. शहाणपण १८, बुद्धी १६, व्यक्तिमत्त्व १४, झाले एकवीस. ताकद, चपळाई, तब्येत ९ वरच राहू द्या. शहाणपणामुळे आठवणी जाग्या होतात आणि अनुभव गुणही वाढीव मिळतात. याउलट ताकद १८ करून आलेल्या खेळाडूला संभाषणात ते पर्याय दिसतच नाहीत, आणि काय दिसलं नाही हे खेळ सांगत नाही. लेव्हल वाढली की एक गुण हाती येतो, त्यामुळे चूक थोडी दुरुस्त होते, पण सुरुवातीचा सिजिल शहरातला भाग तोवर मागे पडलेला असतो.

नायक सुरुवातीला फायटर असतो. रॅगपिकर्स स्क्वेअरमधल्या मेबेथ म्हातारीची बारीकसारीक कामं केली की ती जादू शिकवते. वर सांगितलेल्या आकड्यांना मेज हाच वर्ग शोभतो. स्मोल्डरिंग कॉर्प्स बारमध्ये भेटणाऱ्या डाक्कॉन या साथीदाराजवळचं झेर्थिमॉनचं वर्तुळ उलगडायलाही मेज असावं लागतं. शवागारात डियोनाराच्या भुताशी घाईघाईनं बोलणं उरकू नका, साथीदारांना उठवण्याची शक्ती त्या संभाषणातूनच मिळते. नॉर्डम हा साथीदार तर बऱ्याच जणांना ठाऊकही नसतो: क्युरिऑसिटी शॉपमधून मोड्रॉन क्यूब घ्यायचा, त्यातून रुबिकॉनच्या चक्रव्यूहात जायचं आणि चक्रव्यूहाची काठिण्यपातळी सर्वात वरची करायची. खालच्या पातळीवर तो सापडत नाही.

या खेळाची मारामारी सुमार आहे, आणि कर्स्ट गावापासून पुढे ती वाढते. तो भाग रेटून न्यावा लागतो. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर मात्र हा खेळ हातात घेऊच नका. बहुतेक वेळ पडद्याच्या खालच्या चौकटीतला मजकूर वाचण्यातच जातो.

कोणती आवृत्ती?

बीमडॉगनं तिन्हींच्या सुधारित आवृत्त्या काढल्या: बाल्डर्स गेट २०१२, आइसविंड डेल २०१४, प्लेनस्केप २०१७. मूळ खेळ ६४० बाय ४८० चे. मोठ्या पडद्यावर ते नीट दिसायला वाइडस्क्रीन मॉड (चाहत्यांनी केलेली जोड) बसवावा लागतो. मॉड बसवणार असाल तर खेळ प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर, साध्या फोल्डरमध्ये ठेवा. नाहीतर विंडोज फायली लिहू देत नाही आणि मॉड अर्धवट बसतो. मूळ बाल्डर्स गेटमध्ये अरुंद बोळात सहा जण एकमेकांना अडवून उभे राहतात, विशेषतः फायरवाइनच्या अवशेषांत. सेटिंगमधला पाथ सर्च नोड्सचा आकडा वर नेला की ते पुष्कळ सुधारतं. पहिल्यांदा खेळणाऱ्यानं सरळ सुधारित आवृत्ती घ्यावी. टॅब्लेटवरही ती चालते, फक्त अक्षरांचा आकार आधी वाढवून घ्या.

तिन्हींत पहिल्याच दिवशी करायचं काम: ऑटो-पॉजमध्ये ‘शत्रू दिसला’ चालू करा. बाल्डर्स गेट आणि आइसविंड डेलमध्ये मेजनं मंत्राची गुंडाळी शिकण्याआधीही सेव्ह करा. बुद्धी १८ असली तरी यशाची शक्यता ८५ टक्के, आणि फसलं की गुंडाळी गेली.

तर आधी कोणता? फिरायला, वाट चुकायला आणि साथीदारांची भांडणं ऐकायला आवडत असेल तर बाल्डर्स गेट. बुद्धिबळासारखी मांडणी करून लढायला आवडत असेल तर आइसविंड डेल, पण बाल्डर्स गेटच्या नॅश्केलपर्यंत खेळून मगच, म्हणजे पार्टी बनवताना आकडे ओळखीचे असतील. प्लेनस्केपला क्रम लागत नाही. ज्याला लढाया नकोच आहेत त्यानं तोच आधी घ्यावा आणि बाकी दोन घेतलेच नाहीत तरी चालेल.

बाल्डर्स गेट निवडलात तर शेवटचा सेव्ह पुसू नका, पात्र दुसऱ्या भागात नेता येतं. आणि फ्रेंडली आर्म इनमध्ये एक उमराव तुम्हाला नोकर समजून धुवायला म्हणून सोनेरी विजार हातात देतो, ती विकू नका. दुसऱ्या भागात चंदेरी विजार मिळते, त्याच्या ‘थ्रोन ऑफ भाल’ या जोडभागात ब्राँझची, आणि तिन्ही तिथल्या सेस्पेनार या कारागिराकडे नेल्या की त्यांचं एक चिलखत होतं.