पोलिसांसाठीचा प्रथमोपचार वर्ग: जरूर करावा असा

मी गस्तीवर असते. रुग्णवाहिकेच्या आधी पुष्कळदा आम्हीच पोहोचतो, म्हणून हा वर्ग मनापासून केला. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, उत्तम शिकवतात. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. पुतळ्यावर दोन मिनिटं केलं की हात भरून येतात, मग जोडीदारानं कधी जागा घ्यायची ते आपोआप अंगवळणी पडतं. आचके देत घेतलेला श्वास हा श्वास नव्हे, हे प्रशिक्षिकेनं पुन्हा पुन्हा बजावलं. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारा छोटा यंत्रसंच) हाती येताच चालू करायचा, पुढचं तो बोलून सांगतो.

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. अडखळत बोलणारा, घामाघूम, हुज्जत घालणारा माणूस प्यायलेलाच असेल असं नाही. त्याची रक्तातली साखर उतरलेली असू शकते. फीट आलेल्याला दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही. आणि बेड्या घातलेल्याला पालथं ठेवून त्याच्यावर भार दिला तर त्याचा श्वास कोंडतो. त्याला लगेच कुशीवर वळवायचं. हे तर भरतीच्या वेळीच शिकवलं पाहिजे!

टूर्निकेटचा, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायावर आवळायच्या पट्ट्याचा, सराव मात्र कमी पडला. पट्टा आवळल्याची वेळ लिहून ठेवा, एवढंच सांगून पुढे गेले. अंधारात, हातमोजे घालून तो बांधायला लावायला हवा होता. तरीही आपल्या ठाण्यात हा वर्ग मागून घ्या, आणि उजळणीही मागा.