१:४३ च्या ब्रिटिश सलून गाड्या: आठ-नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

जुन्या ब्रिटिश सलून, म्हणजे सेडान गाड्यांची डायकास्ट (साच्यात धातू ओतून बनवलेली) मॉडेलं जमवायला लागून आठ-नऊ महिने झाले. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ब्रँडच्या आधी स्केल ठरवावं; १:४३ म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या त्रेचाळिसाव्या हिश्श्याएवढं. १:७६ मधली जॅग्वार मार्क २ जेमतेम सहा सेंटिमीटरची. मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर छान दिसते, पण हातात घेऊन निरखायला अपुरी. १:१८ सगळी शोकेस खाऊन टाकतं. १:४३ मध्ये हीच गाडी साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि छताचा उतार, काचांचं प्रमाण, डिकीची लांबी सगळं डोळ्यांत भरतं. सलूनचं सौंदर्य तिथेच तर असतं!

माझ्याकडची बरीचशी व्हॅनगार्ड्स मालिकेतली आहेत. मॅचबॉक्स या खेळण्यातल्या गाड्यांच्या ब्रँडवाल्या जॅक ओडेल यांनी १९८२ मध्ये लेडो ही कंपनी काढली, ही मालिका तिचीच. पुढे ती कॉर्गी या दुसऱ्या मॉडेल कंपनीकडे गेली. लेडोच्या काळातलं मॉडेल आणि अलीकडचं शेजारी ठेवून बघा. अलीकडच्यात वायपर, आरसे, दिव्यांच्या काचा वेगळ्या बसवलेल्या असतात. दारं-बॉनेट उघडत नाहीत, म्हणून काहीजण नाक मुरडतात. मला उलट तेच बरं वाटतं, कारण दारांच्या फटी बारीक राहतात.

सगळ्यात जीव जडलाय तो रोव्हर पी६ वर. १९६३ ची, इंग्लंडमधल्या सोलिहलची गाडी, 'युरोपियन कार ऑफ द इयर'ची पहिली मानकरी. खऱ्या गाडीत पुढच्या मडगार्डांवरच्या दिव्यांना वर पारदर्शक टोक होतं, म्हणजे रात्री ड्रायव्हरला बसल्या जागेवरून गाडीचे कोपरे कळत. मॉडेल खिडकीपाशी तिरकं धरलं की ते इवलंसं टोक चमकतं. मी दर वेळी बघतो.

जॅग्वार मार्क २ घेताना मात्र खिडक्यांच्या चंदेरी चौकटी तपासा. माझ्या एका मॉडेलची रेघ मागच्या काचेपाशी सरकलेली निघाली, आणि या गाडीचा सगळा नखरा त्या चौकटींत आहे. दुसऱ्या एकाचा आरसा डब्यातच सुटा पडला होता. त्यामुळे शक्यतो समोर बघून घ्या.

देखभाल फार नाही. मऊ ब्रशने धूळ काढायची, उन्हापासून लांब ठेवायचं. काही मॉडेलांचे टायर प्लॅस्टिकच्या बेसवर कायमचे डाग पाडतात, म्हणून मी मधे पातळ पट्टी ठेवतो. युद्धापूर्वीची मॉडेलं घेणार असाल तर जस्ताच्या ओतीवात बारीक चिरा आहेत का ते बघाच. भेसळीमुळे धातू आतून भुसभुशीत होतो, आणि त्याला इलाज नाही.

आपल्या वाचकांनी ट्रायम्फ हेरल्डपासून सुरुवात करावी असं मला वाटतं. इटालियन डिझायनर मिकेलॉत्ती यांच्या रेखाटणीतली १९५९ ची ही गाडी मद्रासमध्ये स्टँडर्ड हेरल्ड म्हणून बनायची. घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवली तर लगेच ओळखतील. मी सध्या तिच्या चार दारांच्या भारतीय अवताराचं मॉडेल शोधतोय. कुणाच्या पाहण्यात आलं तर जरूर कळवा.