आधी कोण: जॅकी रॉबिन्सन की रोबेर्तो क्लेमेंते?

बेसबॉलची नव्याने ओळख करून घेणाऱ्या मुलांनी या दोघांपैकी कोणाचे चरित्र आधी वाचावे? रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, तेव्हा अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये कृष्णवर्णीयांसाठी अनेक दशके बंद असलेले दार उघडले. शिव्या आणि धमक्या सोसत त्याने त्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा मान मिळवला. १९५५ च्या वर्ल्ड सीरिजमधील (मुख्य लीगच्या अंतिम मालिकेतील) पहिल्याच सामन्यात, पिचर म्हणजे चेंडूफेक्या चेंडू टाकण्याच्या तयारीत असतानाच तो तिसऱ्या बेसवरून धावत सुटला आणि घसरत होम प्लेटला, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागी, पोहोचला. पंचांनी त्याला नाबाद ठरवताच प्रतिस्पर्धी संघाचा कॅचर (यष्टिरक्षकासारखा खेळाडू) योगी बेरा याने अक्षरशः थयथयाट केला. आपल्या क्रिकेटमधली चोरटी धाव यापुढे अगदीच सोज्वळ वाटते.

पोर्तो रिकोचा क्लेमेंते १९५५ ते १९७२ या काळात पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळला. त्याच्या नावावर नेमके ३,००० हिट (चेंडू टोलवून सुरक्षितपणे बेस गाठणे) राहिले, कारण ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले त्याचे विमान समुद्रात कोसळले. दहा वर्षांच्या मुलाच्या हाती मी रॉबिन्सनचे चरित्र देईन. क्लेमेंतेचा शेवट पचवण्यासाठी थोडे मोठे वय लागते.