जांभ्याच्या घरात वाय-फाय: २.४ की ५ गिगाहर्ट्झ?

आमच्या कोकणातल्या घराच्या भिंती जांभ्याच्या, चांगल्या जाड. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा लहरींच्या दोन पट्ट्यांवर वाय-फाय देतो; आमचा आहे ओटीवर. तिथे ५ गिगाहर्ट्झवर व्हिडिओ कॉल कसा लख्ख चालतो! पण माजघर ओलांडून आई स्वयंपाकघरात गेली, की नातवाचा चेहरा स्क्रीनवर थिजलाच. जास्त वारंवारतेच्या लहरी जाड भिंतीत लवकर विरतात. २.४ चा वेग कमी, पण तो पार मागच्या पडवीपर्यंत पोचतो.

शहरातल्या फ्लॅटमध्ये मात्र ५ च घ्या. तिथे २.४ वर शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनेल (पट्ट्यातले छोटे भाग) तीनच: १, ६, ११. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरीही त्याच पट्ट्यात, म्हणजे आणखी अडथळा.

आईच्या फोनला मी २.४ च जोडून दिलंय. तिला चुलीपाशी बसूनच नातवाशी बोलायचं असतं.