पास वर्षाचा, तरी पाकीट दिवसभर हातात

आमचा भडंगाचा धंदा आहे, सांगलीत गावभागात. मागं शेडमध्ये कढया, पुढं छोटं दुकान. असल्या धंद्यात सलग चार दिवस सुट्टी काढून मुलांना कुठं नेता येत नाही. म्हणून २०२३ च्या एप्रिलात सव्वा तासावरच्या एका वॉटर पार्कचा वर्षाचा पास काढला. मी, हे आणि दोन मुलं. सकाळी सातला निघायचं, रात्री आठला परत, दुसऱ्या दिवशी दुकान वेळेवर उघडं. पहिल्या वर्षात सहा वेळा जाऊन आलो. तेव्हापासून दर एप्रिलला पास पुढं चालू ठेवला आणि दुकानात येणाऱ्या कितीतरी गिऱ्हाइकांना मी स्वतः सांगितलं, 'काढा पास, पैसे वसूल होतात.' आता तसं सांगवत नाही, म्हणून हे लिहितेय. पार्कचं नाव घालत नाही. तिथं राबणारी पोरं आसपासच्या गावांतली आहेत, त्यांच्या पोटावर पाय यावा असं मला वाटत नाही.

आधी काय आवडलं होतं ते सांगते, म्हणजे काय गेलं ते कळेल. मला स्वतःला घसरगुंड्यांचं वेड नाही. पण उरुसात किंवा गावच्या जत्रेत मुलांना घेऊन फिरताना आईचं निम्मं लक्ष पैशाकडं असतं. मोठ्या पाळण्याचं तिकीट वेगळं, ब्रेक डान्सचं वेगळं, नेमबाजीचे फुगे वेगळे. दर दहा मिनिटांनी 'आता बास', 'दोन्हीतलं एकच काहीतरी सांग'. इथं दारात मनगटाला पट्टा बांधला की संध्याकाळपर्यंत 'नाही' म्हणायची वेळच येत नव्हती. 'आई, परत जाऊ?' जा. 'अजून एकदा?' जा की. धाकटी तेव्हा पाच वर्षांची होती. ती एकाच छोट्या स्लाइडवरून सतरा वेळा आली, मी काठावर बसून मोजलं. मी पैसे भरले होते ते त्या सतरा वेळांसाठी.

त्या वेळी पास माणशी २,२०० रुपये होता. त्यात गाडी लावायला पैसे नाहीत, लॉकर फुकट (अनामत घ्यायचे आणि जाताना परत द्यायचे), ट्यूब फुकट, जेवणावर १५ टक्के सूट आणि वर्षातला कुठलाही दिवस. सासूबाई पाण्यात उतरत नाहीत. त्यांच्यासाठी नुसत्या प्रवेशाचं ३०० रुपयांचं तिकीट होतं. त्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकून बसायच्या, जपमाळ ओढायच्या, पिशव्या सांभाळायच्या. त्यांनाही तो दिवस आवडायचा.

यंदा पास ३,४०० झाला. दीडपटीहून जास्त. चौघांचे १३,६०० भरताना हे जरा थांबले, पण मीच म्हटलं, पंप, फिल्टर, वीज, माणसांचे पगार, सगळंच वाढलंय. भाववाढीवर माझा राग नाही. २०२२ ला युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेल भडकलं, तेव्हा आम्हीही पाव किलोच्या पाकिटाला दहा रुपये वाढवले होते. दुकानाच्या दारावर पाटी लावली, 'तेल महागल्यामुळे आजपासून नवीन दर'. चार लोक कुरकुरले, पण घेऊन गेले. मात्र पाकीट २५० ग्रॅमचं २२० केलं नाही, की शेंगदाणे निम्मे केले नाहीत. व्यापाऱ्यांतले दोघं म्हणाले होते, 'कोण वजन करून बघतंय?' माझ्या सासऱ्यांनी हे दुकान टाकलं, त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकासमोर तराजू धरला. तो हात हलका करायचं माझ्या मनातही आलं नाही.

पार्कनं नेमकं तेच केलंय. भाव वाढवला आणि पाकिटातले शेंगदाणेही काढून घेतले.

पैसे ऑनलाइन भरून झाले. कार्ड घ्यायला खिडकीवर गेलो तेव्हा नव्या अटींचा कागद हातात पडला. मे महिन्यातले शनिवार-रविवार पास चालणार नाही. सरकारी सुट्टीला चालणार नाही. पार्किंगला १०० रुपये. लॉकरला १५०. जेवणावरची सूट बंद. ट्यूबचं भाडं तासाला १००. खिडकीवरची मुलगी बिचारी मान खाली घालून म्हणाली, 'ताई, वरूनच आलंय.' तिच्याशी काय भांडायचं?

मग मेमधला मंगळवार धरून गेलो. सासूबाईंचं तिकीट आदल्या रात्री मोबाइलवर काढायला बसले, तर नुसत्या प्रवेशाचं तिकीटच बंद केलेलं. झाडाखाली बसणाऱ्या ७१ वर्षांच्या बाईला लाटांच्या तलावाचं पूर्ण तिकीट. पानावर मोठ्या अक्षरात १,१९९ लिहिलेलं. नाव, वय, फोन सगळं भरून शेवटच्या पानावर पोचले तेव्हा त्यात १८ टक्के जीएसटी, ४० रुपये सुविधा शुल्क आणि २० रुपयांचा विमा. विम्याच्या चौकटीत खूण आधीच केलेली होती. ती काढली तरी १,४५५ झाले. कर घेऊ नका असं मी म्हणत नाही, आम्हीही भरतो. पण कराचं कारण दरवाढीला पुढं करता येणार नाही, कारण अशा पार्कच्या तिकिटावरचा जीएसटी २०१७ ला २८ टक्के होता, तो जानेवारी २०१८ ला १८ वर आला. आणि एक भाव दाखवून शेवटी दुसरा घ्यायचा, न विचारता एखादी वस्तू बिलात घालायची, या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला जाहीर केलेल्या १३ फसव्या ऑनलाइन पद्धतींच्या यादीत आहेत. तुम्ही तिकीट काढाल तेव्हा शेवटचं पान नीट वाचा.

दारात पिशव्या तपासल्या. बाहेरचं खाणं आत नाही, हा नियम पूर्वीही होता, पण थोडं समजून घेतलं जायचं. या वेळी टेबलावर सगळं काढायला लावलं. सासूबाईंना साखरेचा त्रास आहे, त्यांचा डबा वेगळा असतो: ज्वारीची भाकरी, मेथी, काकडी. मी औषधाची चिठ्ठी दाखवली. पहारेकऱ्यानं साहेबांना फोन लावला, साहेब उचलेनात. वीस मिनिटं त्या उन्हात उभ्या होत्या. शेवटी तो दादाच म्हणाला, 'आजी, तुम्ही जावा डबा घेऊन, मी बघतो काय ते.' त्याचे आभार मानायचे राहून गेले, ते इथं मानते.

आतली सगळ्यात मनाला लागलेली गोष्ट पाण्याची. लाटांच्या तलावाच्या डाव्या हाताला थंड पाण्याचा कूलर होता, स्टीलचा, चार नळांचा. मुलं ओल्या अंगानं पळत येऊन ओंजळीनं प्यायची. तो कूलर जागेवर आहे, पण चारही नळ काढून भोकांत लाकडी खुट्ट्या ठोकल्यात. खालच्या पांढऱ्या फरशीवर नळांच्या खाली गंजाचे चार तांबडे ओघळ अजून तसेच आहेत. आणि त्याला खेटूनच नवीन टपरी, पाण्याची बाटली ४० रुपये. उन्हात खेळणारं पोर तासाला पाणी मागतं. आम्ही दिवसभरात सहा बाटल्या घेतल्या. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सिनेमागृहांना सांगितलं होतं की बाहेरचं खाणं अडवायचं तर अडवा, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्या. तो निकाल सिनेमागृहांचा आहे, वॉटर पार्कचा नाही. पण तीन तास एसीत बसणाऱ्याला जे पाणी द्यायचं, ते दिवसभर मे महिन्याच्या उन्हात फिरणाऱ्या लेकराला द्यायला नको का?

दुसरी गोष्ट उंच स्लाइडच्या जिन्याची. त्या लोखंडी पायऱ्यांवर हिरव्या चटया असायच्या आणि एक पोरगा अधूनमधून पाइपनं पाणी मारायचा. आता चटयाही नाहीत आणि तो पोरगाही नाही. त्यात रांगा दोन झाल्यात. माणशी ६०० रुपये जादा भरले की केशरी पट्टा मिळतो आणि त्यांची रांग दोरीच्या पलीकडून सरळ वर जाते. केशरी पट्टेवाले असेपर्यंत आमची रांग थांबवायची. मी खाली उभी राहून बघत होते. धाकटी जिन्याच्या मधल्या वळणावर अडकलेली, एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पंजावर ठेवायची, मग तो चटकला की पाय बदलायची. कठड्याला हात लावायची आणि भाजला म्हणून लगेच काढायची. माझ्या डोळ्यांसमोर अकरा केशरी पट्टे तिला ओलांडून गेले. खाली आल्यावर तिनं विचारलं, 'आई, आपला पास जुना झाला का?' मी तिचे तळवे बघितले. लालबुंद झाले होते.

हे फक्त आपल्याकडचंच नाही, हे मला दिरानं सांगितलं. तो सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला आणि आता अमेरिकेत फ्लोरिडात असतो. पार्कहून आल्यावर फोनवर बोलत होतो तर म्हणाला, 'वहिनी, इथंही लोक हेच बोलतात.' तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये रांग टाळायची फास्टपासची सोय १९९९ पासून तिकिटातच होती, वेगळे पैसे नव्हते. ऑक्टोबर २०२१ पासून तिथं रांग टाळायला पैसे पडू लागले, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलर. त्यांच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना विमानतळावरून आणणारी फुकट बसही २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. त्यानं सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा दारात एक डॉलर आणि आत प्रत्येक राइडचं तिकीट वेगळं, म्हणजे आपल्या जत्रेसारखंच. १९८२ ला त्यांनी राइडची तिकिटं बंद केली आणि एकाच तिकिटात सगळं दिलं.

जत्रेत पाळण्याला पैसे पडतात, पण जत्रेत शिरायला कोणी पैसे घेत नाही. कोपऱ्यात बसून नुसती गंमत बघायची तर बघा. पार्कवाल्यांनी आता दारातले पैसे पार्कचे आणि आतले जत्रेचे, असे दोन्ही हातांनी घ्यायला सुरुवात केली आहे. पट्टा बांधूनही मी दिवसभर म्हणत होते, 'ट्यूब एकच घेऊ, आळीपाळीनं बसा', 'पाणी घरून निघताना प्यायला पाहिजे होतं', 'केशरी पट्टा नको, रांगेत थांब'. ज्या 'नाही'पासून सुटका म्हणून आम्ही इथं यायचो, ते सगळे 'नाही' आमच्याबरोबर आत आले होते.

घरी आल्यावर वहीत हिशोब मांडला. सासूबाईंचं तिकीट १,४५५, पार्किंग १००, लॉकर १५०, ट्यूब २००, पाणी २४०, चौघांच्या थाळ्या १,२८०. एकूण ३,४२५, आणि हे पास हातात असताना. २०२३ च्या वहीत तसाच एक दिवस लिहिलेला सापडला: सासूबाईंचं तिकीट ३०० आणि सूट धरून चार थाळ्या ६१२. संपलं. ९१२ रुपयांत पाच जणांचा दिवस गेला होता. थाळी तेव्हा १८० ची होती, आता ३२० ची आहे आणि ताक गेलंय.

चांगलं जे आहे तेही सांगायला हवं. तलावाचं पाणी स्वच्छ होतं, डोळे चुरचुरले नाहीत. बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्या पूर्वीपेक्षा बऱ्या आहेत, कड्या नीट लागतात. लाइफगार्ड पोरांना तर मी पैकीच्या पैकी देईन. थोरला खोल बाजूला गेला तेव्हा शिट्टी वाजायच्या आधी तो मुलगा पाण्यात होता. पण दोन स्लाइडना मिळून एकच लाइफगार्ड ठेवलाय. एक बंद करायची, दुसरी चालू करायची, असं दिवसभर चाललं होतं. तो दुपारी दोनला उभ्या उभ्याच वडापाव खात होता, डोळे पाण्यावरच. वाढवलेले पैसे तिथं लागलेले दिसले असते तर मी हे लिहायला बसलेच नसते.

तुम्ही जाणार असाल तर एका दिवसाचं तिकीट काढा, पासच्या भानगडीत पडू नका. मंगळवार-बुधवार धरा. नायलॉनचे कपडे घरूनच न्या, तिथलं भाडं परवडत नाही. मुलांच्या पायात पाण्यात चालणाऱ्या रबरी चपला घाला आणि जिन्यावर चढेपर्यंत काढू देऊ नका. पथ्याचा डबा न्यायचा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा. बिलात न मागितलेलं काही घातलं तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पाचपैकी मी दोन तारे देतेय, तेही त्या पोरांसाठी. पार्कच्या ऑफिसात लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. तीनच गोष्टी मागितल्यात: कूलरला नळ बसवा, जिन्यावर चटया टाका, आणि न भिजणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं तिकीट परत सुरू करा. सासूबाई म्हणतात, मी आता येत नाही, माझ्या एकटीच्या तिकिटात पोरांची दोन जोडी कपडे होतील. पास एप्रिलपर्यंत आहे. उत्तर आलं तर दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घेऊन परत जाऊ.