सर्जनशीलता शिकवणारा दोन क्रेडिटचा विषय: घ्यावा का?

मध्य मुंबईतल्या एका कॉमर्स कॉलेजात उद्योजकतेच्या अभ्यासक्रमात हा ऐच्छिक विषय आहे. कल्पकता उपजतच असावी लागते असं म्हणून हात न झटकता इथे ती सरावाने अंगवळणी पाडतात, आणि म्हणूनच हा विषय आम्हाला मोलाचा वाटतो.

पहिले दोन आठवडे अ‍ॅपचं नाव काढायचं नाही. मुलांना भल्या सकाळी दादरच्या फुलबाजारात पाठवतात. वहीत उपाय लिहायला बंदी, दिसेल तेवढंच टिपायचं. ‘फुलं वाया जातात’ एवढंच लिहिलं तर वही परत येते. ‘उरलेला ओला झेंडू पोत्यात दाबून भरला की आतून गरम होतो आणि मधली फुलं आधी काळी पडतात’ इथवर नेमकं लिहिलं, तरच पुढचं पाऊल. मग वाटा आपोआप फुटतात: पोतं बदला, ओल कमी करा, नाहीतर पोत्यात भरायची वेळच येऊ देऊ नका.

कल्पना काढायला ६-३-५ ही लेखी पद्धत वापरतात. बर्न्ड रोरबाख यांनी ती १९६८ मध्ये मांडली. टेबलाभोवती सहा जण. प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. सहा फेऱ्या, अर्ध्या तासात १०८ कल्पना. तोंडी चर्चेत एक जण बोलत असताना बाकीचे पाळीची वाट बघत अडकून पडतात. डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांच्या १९८७ च्या प्रयोगांत हेच दिसलं. कागदावर बुजरी मुलंही मागे राहत नाहीत. चौथ्या फेरीच्या आसपास मात्र सगळे अडतात. स्कॅम्परचे, म्हणजे अडलेल्या विचाराला चालना देणाऱ्या ठरावीक यादीतले प्रश्न तेव्हाच पुढे करावेत: काय काढून टाकता येईल, कशाला काय जोडता येईल, क्रम उलटा केला तर? सुरुवातीलाच दिले, तर मुलं फॉर्म भरल्यासारखी उत्तरं देतात.

वेळापत्रक मात्र चुकलंय. पन्नास मिनिटांच्या तासात कल्पना लिहून होतात, पण त्यांचे गट पाडणं आणि निवड घाईत उरकावी लागते, आणि मग सगळ्यात सोपी कल्पना उचलली जाते. जोडतास हवाच.

गुणांचं गणित त्याहून बिघडलेलं. नुसत्या संख्येला गुण असल्याने एकच कल्पना रंग बदलून पाचदा लिहिली जाते. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी सर्जनशीलता मोजताना ओघाबरोबर, म्हणजे कल्पनांच्या संख्येबरोबर, लवचिकताही धरली होती, म्हणजे कल्पना किती वेगवेगळ्या प्रकारांत मोडतात ते. तेही मोजायला हवं. शिवाय तपासणारे प्राध्यापक एकटेच. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत त्या विषयातले अनेक जाणकार एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे गुण देतात. इथे तीन परीक्षक नेमावेत आणि त्यातला एक फुलबाजारातलाच जुना व्यापारी असावा. पोतं कोण उचलणार, ओली फुलं पसरायला जागा कुठून आणणार, हे प्रश्न तोच विचारेल.

विषय जरूर घ्या. पहाटे बाजारात जाणं जमणार नसेल तर मात्र नाव नोंदवू नका, कारण पुढचे सगळे तास त्या वहीवरच चालतात.